पान काढू नये

६ जुलै २०१५

नववी ‘ब’ला या वर्षी विज्ञान आणि गणिताची वार्षिक परीक्षा नाही. त्याऐवजी फाईल. संस्थेचे सचिव काकासाहेब पुण्याला कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले, तिथून ही कल्पना आली. विद्यार्थ्याने वर्षभर केलेले काम, चुकांसकट, एका फायलीत ठेवायचे आणि तिच्यावरून गुण द्यायचे. तीन तासांच्या पेपरपेक्षा दहा महिन्यांचे काम जास्त सांगते, हे मला तत्त्वतः पटते.

काम माझ्याकडे आले, कारण मी सर्वांत नवीन आहे. शिवाय वाळूजच्या कारखान्यात मी दोन वर्षे मोजमापाची उपकरणे तपासत होते. मुख्याध्यापिका उमा मॅडम म्हणाल्या, “नीरजा, तुम्हाला नोंदींची सवय आहे.” सवय आहे. कारखाना का सोडला असे कोणी विचारले की मी प्रवासाचे कारण सांगते. मी राहते त्या छावणीतून शाळेचे गाव बिडकीन वाळूजपेक्षा लांब आहे, हे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.

मराठीचे सर्जेराव सर शेजारी बसले होते. “मॅडम, ह्या फायली वाचायच्या का तोलायच्या?” म्हणाले. 

९ जुलै

एक गोष्ट आज कळली, ती नोंदवून ठेवते. शाळेचा दहावीचा निकाल सहा वर्षे शंभर टक्के आहे. कारण असे की नववीच्या शेवटी एक यादी होते. यादीतल्या मुलांच्या पालकांना बोलावून दाखला हातात देतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात. म्हणजे परीक्षा बाहेरून द्या. बाहेरून देणारा नापास झाला तरी तो शाळेचा नसतो. फॉर्म भरणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले, याची नोंद शाळेत नाही. मी मागितली होती.

यादी विज्ञान-गणितावरूनच होते. उमा मॅडमनी ‘ब’ तुकडीपुरते मान्य केले आहे की फायलीला शंभरात पन्नास असतील तर नाव यादीत जाणार नाही. एकोणपन्नासला जाईल.

नियम आज ठरवले. शाईने लिहावे. तारीख घालावी. पानाला क्रमांक द्यावा. खाडाखोड चालेल, पान काढू नये. सुटे कागद धरले जाणार नाहीत.

२८ जुलै

पहिली तपासणी. बेचाळीस फायली. सर्व स्वच्छ. समासाला रंगीत पेन्सिलीच्या वेली. एकही चूक नाही.

मी विचारले, चुका कुठे गेल्या?

“रफ वहीत होत्या मॅडम.”

“रफ वही कुठे आहे?”

“फाडली. फेअर केल्यावर फाडतातच की.”

फाडतातच. पहिलीपासून यांना हेच शिकवले आहे. रफ वही म्हणजे मागल्या दारची वही, पाहुण्यांना दाखवायची नाही. मलाही तसेच शिकवले होते. फळ्यावर लिहिले: रफ हीच फाईल. मुले एकमेकांकडे पाहून हसली. मी काहीतरी असभ्य बोलले असावे.

११ ऑगस्ट

एका मुलाचे वडील आले होते. फायलीत लाल शाईने गोल केलेली सात उदाहरणे आहेत आणि मुलाने ती तशीच ठेवली आहेत, ही तक्रार. “मॅडम, पाव्हणे येतात घरी. असलं काय दाखवावं?” मी म्हणाले, दाखवू नका. ते म्हणाले, मग फाईल कशाला?

सर्जेराव सर दारातून म्हणाले, “दादा, माझ्या लग्नाचा अल्बमबी असाच हाय. कपाटात ठिवलाय.” गृहस्थ हसत गेले. मला हे जमत नाही.

पाऊस नाही. जुलैत दोनदा शिडकावा झाला, तेवढाच.

१९ ऑगस्ट

दीर्घ नोंदीचे काम सोमवारी दिले. घराजवळची, मोजता येईल अशी कोणतीही एक राशी निवडा आणि डिसेंबरअखेरपर्यंत रोज मोजा. वीस गुण. वरदने पैठण रस्त्यावरून सायंकाळी पाच ते सहा जाणारे मुरमाचे डंपर निवडले. नव्या औद्योगिक वसाहतीचे काम सुरू आहे, पहिल्याच दिवशी ६१ भरले. कृष्णाने आजोबांचे खोकणे निवडले. मी नको म्हणाले, मग विचार केला आणि हो म्हणाले. मोजता येते.

मोनिका, हजेरी क्रमांक १४, शेतातल्या वस्तीवर राहते. तिने विहीर निवडली. दोराला दगड बांधून पाण्याला टेकवायचा, आणि वर ओढताना दोर हाताने मोजायचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी मीटरपट्टी देऊ केली. “हातानंच बरं पडतं मॅडम, दोर वल्ला असतो,” म्हणाली. मान्य केले. माप कोणतेही चालेल, ते बदलता कामा नये, एवढे सांगितले.

आठवीत तिला गणितात एकोणीस होते.

१२ ऑक्टोबर

मोनिकाबद्दल सर्जेराव सरांनी आपण होऊन सांगितले. आई सारजाबाई वसाहतीच्या लेबर कॅम्पावर पोळ्या लाटते, दीड-दोनशे माणसांच्या. “हिला यादीत टाकलं की हीबी तिथंच गेली म्हणून समजा. ठेकेदाराला बाया कमी पडतात. सतरा नंबर-बिंबर भरत नाय कुणी.”

मी म्हणाले, फाईल जे सांगेल ते.

“फाईल बोलते व्हय?” म्हणाले.

५ डिसेंबर

डिसेंबरची तपासणी. नियम बहुतेकांना समजले आहेत. वरदचे डंपर १३८ वर गेले. कृष्णाचे आजोबा ऑक्टोबरात वारले. त्याने त्या दिवशी शून्य लिहून खाली रेघ मारली आहे आणि दुसऱ्या दिवसापासून चिमण्या मोजायला घेतल्या आहेत. राशी बदलली म्हणून तीन गुण कमी केले. नंतर ते परत दिले. कारण लिहिलेले नाही.

मोनिकाच्या फायलीत एक सुटा कागद होता. दिनदर्शिकेच्या फाटक्या पानाची मागची बाजू, त्यावर पेन्सिलीने कसलेसे गुणाकार, कडेला तेलकट बोटे. तारीख नाही, क्रमांक नाही. काढायला लावला. ती काही सांगू लागली. मागे अजून अठरा मुले रांगेत होती. मी म्हणाले, फायलीत आहे ते आहे, नाही ते नाही. पान काढू नये असा माझाच नियम आहे, पण क्रमांक नसल्यामुळे ते पान ठरत नाही.

तिने कागद घेतला.

१८ जानेवारी २०१६

मोनिका दुसऱ्या तासाला डुलक्या घेते. आज उठवले तेव्हा कोपराला पीठ होते. डबा स्वतः करत असावी. हजेरी मात्र पूर्ण आहे. रोज घंटेच्या वेळी धावत येते, हे खिडकीतून दिसते.

शहरात आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी आले. बाबांनी पिंपे भरली आणि मला सांगितले, कपडे रविवारीच. बसच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारतींचे फलक आहेत, प्रत्येकावर पोहण्याचा तलाव.

८ मार्च

अंतिम गुणांकन सुरू. मोनिका: इतर कामाचे ऐंशीपैकी ४२, नोंदीचे वीसपैकी १२ धरले होते. एकूण ५४. मग नोंदी पुन्हा पाहिल्या.

२३ नोव्हेंबर: पाणी ३१ हातांवर. २४ नोव्हेंबर: २७ हातांवर.

म्हणजे एका रात्रीत पाणी चार हात वर आले. नोव्हेंबरात, या वर्षी, या तालुक्यात. आलेख काढला. ऑगस्टपासून रेघ खाली उतरते, २४ तारखेला एकदम उडी मारते आणि तिथून पुन्हा त्याच उताराने खाली जाते. बनावट आकडे असे नसतात. आकडे बनवणारा उडी मारत नाही, त्याची रेघ गुळगुळीत असते. हे मी कारखान्यात शिकले. उडी म्हणजे उपकरण बदलले.

इथे उपकरण हात आहे.

१० मार्च

मोनिकाला मधल्या सुटीत बोलावले. पोलादी टेपने हात मोजला. ३९ सेंटिमीटर. विचारले, २४ नोव्हेंबरपासून कोणी मोजले?

तिने बाही खाली ओढली.

“तू मोजले नाहीस ना?”

“नाय.”

“मग फायलीत का लिहिले नाहीस?”

यावर बोलली नाही. माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. रागाने नव्हे. मला त्या पाहण्याचे वर्गीकरण करता आले नाही.

अडतीस दिवसांची नोंद स्वतःची नाही आणि तसे कळवलेलेही नाही. वीसपैकी ४. एकूण ४६. यादीत नाव गेले. निकष आधी जाहीर केलेले होते आणि सर्वांना सारखे होते.

रात्री जेवण गेले नाही. उष्णतेमुळे असेल.

१३ मार्च, रविवार

बिडकीनला गेले. बाबांनी विचारले, सुटीच्या दिवशी कशाला? तपासणी, म्हणाले. दुसरे उपकरण कोणते ते कळल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. कारण एवढेच.

वस्ती फाट्यापासून चालत पंचवीस मिनिटांवर आहे. सारजाबाई दारात ज्वारी निवडत होत्या. मोनिका कॅम्पावर होती. मला ओळखून त्यांनी आधी पाणी दिले, अर्धा तांब्या. मी घोटभर घेतले.

मी विचारले, नोव्हेंबरपासून विहीर कोण मोजत होतं?

“मीच की. दुसरं कोण हाय?” म्हणाल्या. “टँकर सुरू झाला ना तवा. सातला येतो सकाळी, कधी आठला. तिथं पोरीसोरीला कुणी पाणी घिऊ देतं व्हय? बायाबाया झोंबत्यात. मंग मी हितं थांबाया लागले अन् कॅम्पावर माझ्या जागी ही. पाचला जाती, साडेधाला येती, तशीच शाळेत पळती. मला म्हणली, आये, मोजायचं चुकू नकोस, मॅडम लई कडक हायेत. मंग मी मोजायची अन् चुलीपाशी कोळशानं रेघा वढायची. ही आल्यावर लिहायची.”

“तिने मला सांगितलं नाही.”

सारजाबाईंनी सूप खाली ठेवले. “पहिल्याच दिशी म्हणली ती, आये, तुझा हात लांब हाय, समदं चुकंल. माझा हात धरून मोजला, आपला मोजला, क्यालेंडराच्या कागदावर गणित मांडलं. तुझे इतके म्हंजी माझे इतके. दोन घंटे बसली व्हती, पोळीला हात लावला नाय. तो कागद फायलीत ठिवला. तर तुम्हीच काढाया लावला म्हणं. मळका हाय म्हणून.”

“मळका म्हणून नाही. त्यावर तारीख नव्हती.”

“क्यालेंडर व्हतं की ते,” म्हणाल्या.

मी विचारले, कागद आहे का? “आता कुठला? चुलीत गेला.”

त्यांचा हात मोजू का, असे विचारले. त्यांनी पदराला पुसून पुढे केला. ४५ सेंटिमीटर.

विहिरीच्या काठावर बसून हिशेब केला. २३ तारखेचे ३१ हात, ३९ प्रमाणे: १२०९. २४ तारखेचे २७ हात, ४५ प्रमाणे: १२१५. पाणी वर आले नव्हते. सहा सेंटिमीटर खाली गेले होते, जेवढे जायला हवे तेवढे.

एका उपकरणाचे माप दुसऱ्याला जुळवून घेणे. हे मला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी शिकवले होते. तिने चौदाव्या वर्षी, न शिकवता, पेन्सिलीने केले.

१४ मार्च

मोनिकाला विचारले, त्या दिवशी का बोलली नाहीस?

“तुम्हीच म्हणला होतात. फायलीत नाही ते नाही.”

१५ मार्च

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न. पुरावा असता तर नोंदीला १८ दिले असते, एकूण ६०. पुरावा नाही. नाही, कारण तो मी काढायला लावला.

उमा मॅडमना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, “नोंदीला आठ द्या. पन्नास होतात. कारण लिहू नका. सगळे असेच करतात, नीरजा, आणि त्यात वाईट काही नाही.”

सोपे आहे. पण तसे केले तर फायलीत असे राहील की मोनिकाने दुसऱ्याचे आकडे उतरवले आणि बाईंनी दया केली. यांतले एकही खरे नाही.

एक पान लिहिले. शाईने, तारखेसह. तिच्या फायलीची त्रेसष्ट पाने होती, त्यामुळे क्रमांक ६४. मजकूर असा:

“दि. ५ डिसेंबर रोजी या फायलीतील एक कागद मी काढायला लावला. त्यावर दोन हातांच्या मापांचे प्रमाण काढलेले होते. मी तो वाचला नाही. २४ नोव्हेंबरपासूनची मापे विद्यार्थिनीच्या आईच्या हाताची आहेत. दोन्ही हात मी टेपने मोजले, ३९ व ४५ सें.मी. त्याप्रमाणे २३ नोव्हेंबरचे १२०९ व २४ नोव्हेंबरचे १२१५ सें.मी. येतात आणि सर्व नोंदी जुळतात. चूक मूल्यमापकाची आहे. नोंदीचे गुण १८. एकूण ६०.”

सही केली. फाईल जमा केली.

१७ मार्च

उमा मॅडमनी खोलीचे दार लावून घेतले. “हे पान काढा.”

“क्रमांक दिला आहे.”

“मी क्रमांकाचं बोलत नाही. ही फाईल काकासाहेबांकडे जाणार. तुमचं नेमणुकीचं पत्र दरवर्षी त्यांच्याच सहीने निघतं. मी आठ गुण म्हणाले होते ते तुमच्यासाठी.”

“कळलं होतं,” म्हणाले.

“मग?”

सांगण्यासारखे बरेच होते. मी म्हणाले, “मुलांना पाने काढू देत नाही मी.”

 त्यांनी फाईल बंद करून ढिगात ठेवली, मधोमध. सर्वांत वर नाही, हे लक्षात आले.

११ एप्रिल

काकासाहेब आले. ढिगातून तीन फायली काढल्या, तिसरी मोनिकाची निघाली. चष्मा वर करून चौसष्टावे पान वाचले, पुन्हा वाचले. सर्जेराव सर आणि मी समोर उभे होतो.

“म्हणजे चूक बाईंची अन् मार्क पोरीला?”

“हो.”

“अन् पुढच्या साली पन्नास बाप येतील. म्हणतील, आमच्याबी पोराचा कागद बाईनं काढला. मग?”

हा आक्षेप योग्य आहे. मी तसे म्हणाले. आणि म्हणाले की मग प्रत्येकाच्या घरी जाऊन मोजावे लागेल.

“बाईंना बसचा पास काढून द्या,” सर्जेराव सर म्हणाले. “विहिरी हायेत तवर मोजत्याल.”

काकासाहेब हसले नाहीत. बोटावर दोरा गुंडाळल्यासारखी फायलीची नाडी गुंडाळत बसले. त्यांचीही जमीन वसाहतीत गेली आहे, विहिरीसकट. हे सरांनी नंतर सांगितले. शेवटी म्हणाले, “पोरीचं नाव यादीतून काढा. बाराशे नऊ अन् बाराशे पंधरा. बरोबर हाय ते.” आणि उठता उठता उमा मॅडमना म्हणाले, “फायलीचं हे एवढ्या सालापुरतंच. पुढं परीक्षा. बाईंचं जूनमधी बघू.”

सर बाहेर आल्यावर म्हणाले, “जूनमधी बघू म्हंजी नाय बघत, एवढं कळतं ना तुम्हाला?”

कळते.

२ मे

निकाल. यादीत सहा नावे गेली. मोनिकाचे नाही. कृष्णाचे आहे. फाईल ४८. आज त्याची फाईल पुन्हा चाळली, दोन गुण कुठे दडले असतील म्हणून. दिसले नाहीत. चिमण्यांची नोंद शेवटपर्यंत व्यवस्थित आहे. त्याच्या घरी मी गेले नव्हते. बाकी पाचांच्याही नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण त्यांच्या फायलींत लिहायला जागा उरली नाही.

सारजाबाई मुलीबरोबर आल्या होत्या. गुणपत्रिका उलटी धरून म्हणाल्या, “धाव्वीत गेली ना? मंग झालं.” कॅम्पाचे काय, असे मी विचारले. “जाईल की सकाळची. शाळा अकराला असती.”

मोनिकाने फाईल मागितली. आता ती तिचीच आहे, दिली. तिने उभ्या उभ्याच शेवटचे पान वाचले. हळू वाचते ती, ओठ हलतात. वाचून झाल्यावर सहीवर बोट ठेवले.

“मॅडम, ह्याचे तुम्हाला किती मार्क?”

“मला कोणी देत नाही.”

“मग लिहिलं कशाला?”

सारजाबाई तिला म्हणाल्या, “असं इचारू नाय मास्तरणीला.” पण त्या स्वतःही उत्तरासाठी थांबल्या होत्या.

मी म्हणाले, माझ्या बसची वेळ झाली. पर्स उचलली आणि फाट्यापर्यंत चालत गेले. बस दीडची होती. फाट्यावर पोहोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.